मायकेल फॅरडे आणि लोखंडी कडे

दहावीनंतर विज्ञानाचा आणि माझा संबंध सुटला तो सुटलाच. गणिताच्या धास्तीने मी कला शाखेची वाट धरली आणि त्याचे मला कधी फारसे वाईटही वाटले नाही. तेव्हा आपल्या वार्षिकांकात एका शास्त्रज्ञाच्या चरित्रावर मी लिहायला बसावे, याचे माझ्या मैत्रिणींना आश्चर्य वाटेल. खरे सांगायचे तर मलाही वाटते. पण याला कारण झाला माझा धाकटा भाऊ.

तो आठवीत आहे. शाळेतून आला की संगणकावर माइनक्राफ्ट नावाचा खेळ खेळत बसतो. हा खेळ म्हणजे चौकोनी ठोकळ्यांचे एक जग. त्यात कोणी घर बांधतो, कोणी डोंगर पोखरतो. मूळ खेळात नसलेल्या गोष्टी हौशी मंडळींनी रचलेल्या पुरवण्यांमधून त्याला जोडता येतात. इंडस्ट्रियलक्राफ्ट ही अशीच एक पुरवणी. तिच्यात वीज निर्माण करणारी यंत्रे आहेत, तारा आहेत आणि वीज साठवणाऱ्या पेट्याही आहेत. बॅटबॉक्स नावाची लहान पेटी ४०,००० एकके वीज साठवते आणि एका वेळी ३२ एकके बाहेर सोडते. मोठ्या पेट्या १२८ किंवा त्याहूनही अधिक सोडतात. एके दिवशी भावाने अशी मोठी पेटी खनिज दळण्याच्या यंत्राला थेट जोडली. यंत्राला ३२ एककांचीच सवय. ते स्फोट होऊन उडाले, शेजारची भिंतही गेली. मग त्याने मध्ये ट्रान्सफॉर्मरचा ठोकळा बसवला. १२८ चा एक घास आत गेला की ३२ चे चार घास बाहेर येऊ लागले आणि दुसरे यंत्र सुखाने चालू लागले.

त्या ठोकळ्याच्या आत असते तरी काय, असे त्याने मला विचारले. मी खिडकीतून गल्लीच्या कोपऱ्यावरची डी.पी. दाखवली आणि खरा ट्रान्सफॉर्मर तो, असे सांगितले. पण तिच्या आत काय असते हे मलाही ठाऊक नव्हते. मोठी बहीण म्हणून पत राखायची तर उत्तर शोधणे भाग होते. ग्रंथालयात शोधता शोधता मी मायकेल फॅरडे या माणसापर्यंत पोहोचले आणि मग भावाचा प्रश्न बाजूला राहून मी त्या माणसातच गुंतत गेले.

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनच्या दक्षिणेला न्यूइंग्टन बट्स येथे झाला. वडील जेम्स लोहारकाम करीत. त्यांची प्रकृती नेहमीच नरम, त्यामुळे हाताला काम असले तरी अंगात बळ नसे. चार मुलांचा संसार आई मार्गारेट हिने कसाबसा ओढला. १८०१ च्या महागाईत मायकेलच्या वाट्याला आठवड्याला एक पाव येई आणि तो त्याला सात दिवस पुरवावा लागे. शाळेत तो लिहिणे, वाचणे आणि जुजबी हिशेब एवढेच शिकला. पुढच्या आयुष्यातही त्याला उच्च गणित कधी आले नाही. हे वाचले तेव्हा मी पुस्तक क्षणभर मिटून ठेवले. ज्याच्या नावाने विजेचे एकक आहे, त्या माणसाला गणित येत नव्हते!

तेराव्या वर्षी तो ब्लँडफर्ड स्ट्रीटवरच्या जॉर्ज रिबो या पुस्तकविक्रेत्याकडे निरोप्या पोऱ्या म्हणून लागला. पुढल्याच वर्षी, १८०५ मध्ये, तो पुस्तकबांधणीचे काम शिकण्यासाठी सात वर्षांच्या उमेदवारीवर राहिला. इतर पोरे पुस्तके बांधत, हा ती वाचूही लागला. ब्रिटानिका विश्वकोशातला विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट या विदुषीने संवादरूपाने लिहिलेले रसायनशास्त्राचे पुस्तक, या दोहोंनी त्याला वेड लावले. वाचलेले खरे की खोटे हे स्वतः करून पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. तांब्याची सात नाणी, तेवढ्याच आकाराच्या जस्ताच्या चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागद एकावर एक रचून त्याने विजेचा घट तयार केला. व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाने अशा घटाची माहिती १८०० मध्ये जगाला दिली होती. बारा वर्षांनी लंडनमधला हा बांधणीवाला पोरगा तो आपल्या हाताने रचून पाहत होता.

शास्त्रीय व्याख्यानांचे शुल्क दर वेळी एक शिलिंग असे. तो शिलिंग थोरला भाऊ रॉबर्ट देई. तोही लोहारच होता. रिबोचाही जीव या मुलावर होता. १८१२ मध्ये विल्यम डान्स नावाच्या एका गिऱ्हाइकाने मायकेलला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या सर हंफ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. डेव्ही हे त्या काळचे नामांकित रसायनशास्त्रज्ञ. मायकेलने व्याख्यानांची टिपणे घरी येऊन सविस्तर उतरवली, त्यांत आकृत्या काढल्या, सर्व पाने स्वतः बांधली आणि ते पुस्तक डेव्हींकडे पाठवून दिले. आपल्या कलेचा याहून चांगला उपयोग कोणत्या बांधणीवाल्याने केला असेल? डेव्हींनी त्याला भेटीस बोलावले, पण जागा नसल्यामुळे आपला धंदा न सोडण्याचाच सल्ला दिला. पुढे प्रयोगशाळेतल्या मदतनिसाला भांडणावरून काढून टाकावे लागले आणि १ मार्च १८१३ रोजी मायकेलची त्या जागी नेमणूक झाली. पगार आठवड्याला २५ शिलिंग आणि राहायला माळ्यावरच्या दोन खोल्या.

त्याच वर्षी डेव्ही पतिपत्नी युरोपच्या प्रवासाला निघाले. डेव्हींच्या खाजगी नोकराने ऐनवेळी येण्याचे नाकारले, म्हणून ते कामही मायकेलच्या गळ्यात पडले. लेडी डेव्ही त्याला नोकरासारखेच वागवीत. मानहानी सोसवेना, परत फिरावे असेही त्याच्या मनात येऊन गेले. पण याच प्रवासात त्याला पॅरिसमध्ये अँपियर आणि मिलानमध्ये वृद्ध व्होल्टा भेटले. दीड वर्षाचा हा प्रवासच त्याचे विद्यापीठ ठरला. १८१५ मध्ये परत आला तो मायकेल राहिला नव्हता. त्यांना आता फॅरडेच म्हणायला हवे.

१८२० मध्ये डेन्मार्कच्या अर्स्टेड यांनी दाखवून दिले की तारेतून वीज वाहू लागली की जवळची चुंबकसूची वळते. म्हणजे विजेपासून चुंबकत्व उत्पन्न होते. पुढल्या वर्षी फॅरडे यांनी चुंबकाभोवती तार सतत फिरत राहील अशी रचना केली. आजच्या विजेच्या मोटारीचा उगम तिथे आहे. त्याच १८२१ सालच्या जून महिन्यात सारा बार्नार्ड हिच्याशी त्यांचा विवाह झाला होता. वर्ष आनंदाचे, पण त्याला गालबोट लागले. वोलस्टन या ज्येष्ठ शास्त्रज्ञाची कल्पना फॅरडे यांनी उचलली, अशी कुजबुज सुरू झाली. वोलस्टन यांचा उल्लेख न करता निबंध छापण्याची घाई त्यांच्या हातून झाली होती हे खरे, पण प्रयोग सर्वस्वी त्यांचा होता. १८२४ मध्ये रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी त्यांचे नाव आले तेव्हा विरोध केला तो अध्यक्ष असलेल्या डेव्हींनीच. फॅरडे निवडून आले. पण ज्याने हात धरून वर आणले त्यानेच दारात आडवे यावे, याचे शल्य केवढे असेल! तरीही डेव्हींविषयी ते शेवटपर्यंत आदरानेच बोलत राहिले.

आता मी भावाच्या प्रश्नाकडे वळते. विजेपासून चुंबकत्व मिळते, तर चुंबकत्वापासून वीज का मिळू नये? हा प्रश्न फॅरडे यांच्या मनात दहा वर्षे घर करून होता. १८२५ मध्ये त्यांनी दोन तारा शेजारी ठेवून एकीतून वीज सोडली आणि दुसरीत काही उमटते का ते पाहिले. काहीच उमटले नाही. १८२८ मध्ये पुन्हा प्रयत्न झाला, पुन्हा निराशाच पदरी पडली. मधली पुष्कळ वर्षे दुर्बिणीसाठी उत्तम काच तयार करण्याच्या सोपवलेल्या कामात गेली. त्या कामातूनही त्यांच्या मनासारखे फार काही निघाले नाही.

२९ ऑगस्ट १८३१ हा दिवस उजाडला. मऊ लोखंडाचे एक कडे त्यांनी तयार करवून घेतले होते. बाहेरचा व्यास सहा इंच, जाडी इंचाहून थोडी कमी. कड्याच्या एका अंगाला तांब्याच्या तारेचे वेढे, दुसऱ्या अंगाला वेगळ्या तारेचे वेढे. तार तारेला किंवा लोखंडाला टेकू नये म्हणून मध्ये सुतळी आणि कापड. दोन्ही अंगांमध्ये थोडी मोकळी जागा राखलेली. एका अंगाची तार घटाला जोडायची, दुसऱ्या अंगाची तार लांब नेऊन चुंबकसूचीवरून न्यायची. म्हणजे दोन्ही तारांचा एकमेकींशी कुठेच संबंध नाही.

त्यांनी घट जोडला. सूची हलली, डोलली आणि पुन्हा जागेवर आली. वीज पहिल्या तारेतून वाहतच होती, पण सूची शांत. त्यांनी घट तोडला. सूची पुन्हा हलली, या वेळी उलट दिशेला.

त्या दोन झटक्यांमध्ये सगळे रहस्य होते. दहा वर्षे ते एका स्थिर प्रवाहापासून दुसरा स्थिर प्रवाह मिळण्याची वाट पाहत होते. परंतु दुसऱ्या तारेत वीज उमटते ती पहिली सुरू होताना किंवा बंद होताना, म्हणजे चुंबकत्व बदलत असताना. बदल थांबला की तीही थांबली. क्षणभराचे ते डोलणे हाताचा धक्का किंवा वाऱ्याची झुळूक समजून दुसऱ्या कोणी सोडून दिले असते. यांनी ते टिपून ठेवले. १७ ऑक्टोबरला पोकळ नळीवर तार गुंडाळून त्यांनी तिच्यात चुंबक खुपसला आणि बाहेर ओढला, तेव्हाही तेच घडले. २८ ऑक्टोबरला मोठ्या चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची चकती फिरवून त्यांनी सलग वीज मिळवली. कडे हा पहिला ट्रान्सफॉर्मर, चकती हे पहिले जनित्र! अमेरिकेत जोसेफ हेन्री हेही स्वतंत्रपणे याच शोधापाशी येऊन पोहोचले होते, पण निबंध आधी वाचला गेला तो फॅरडे यांचा, २४ नोव्हेंबर १८३१ रोजी.

आपली डी.पी. त्या कड्याचीच वंशज आहे. तिच्यातून जाणारी वीज सेकंदाला पन्नास आवर्तने करते, म्हणजे तिची दिशा सतत उलटसुलट होत असते. त्यामुळे फॅरडे यांना घट जोडताना आणि तोडताना जो झटका दिसला, तो इथे अखंड मिळत राहतो. एका अंगाला वेढे जास्त आणि दुसऱ्या अंगाला कमी असतील तर दाब कमी होऊन मिळतो. उलट असेल तर वाढून मिळतो. दाब वाढवला की तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह कमी लागतो आणि तारा तापून वाया जाणारी वीज घटते. म्हणूनच दूर न्यायची वीज चढ्या दाबाने नेतात आणि घराजवळ तो उतरवतात. कारखान्यातून विकण्याजोगा ट्रान्सफॉर्मर १८८५ मध्ये बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातल्या तिघा अभियंत्यांनी घडवला. आपल्याकडे १९१५ मध्ये खोपोलीची वीज घाट उतरलेल्या पाण्यापासून निघून मुंबईच्या गिरण्यांपर्यंत गेली, ती याच तत्त्वावर.

राहिला साठवणीचा प्रश्न. फॅरडे यांच्या आधी सुमारे नव्वद वर्षे लायडनची बरणी लोकांना माहीत होती. काचेच्या बरणीला आतून आणि बाहेरून धातूचा पत्रा लावला की तिच्यात विद्युतभार साठवता येई. मधल्या काचेचे काम वीज अडवून धरण्याचे, असाच सर्वसाधारण समज होता. फॅरडे यांनी १८३७ मध्ये पितळेचे एक गोल दुसऱ्या गोलाच्या आत ठेवून दोन सारखी साधने केली. एकात मधल्या जागेत हवा राहू दिली, दुसऱ्यात लाख किंवा गंधक भरले. लाख भरलेल्या साधनात तेवढ्याच दाबाने जास्त भार मावला! म्हणजे मधला पदार्थ नुसता पहारेकरी नाही, साठवणीत त्याचाही वाटा आहे. साठवणशक्तीच्या एककाला पुढे त्यांच्याच नावावरून फॅरड म्हणू लागले. आज भ्रमणध्वनीच्या पोटातसुद्धा अशी शेकडो चिमुकली धारित्रे असतात.

हे वाचताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. त्या काळचे गणिती तारेकडे आणि चुंबकाकडे पाहत, दोहोंतले अंतर मोजत आणि सूत्र मांडत. सूत्रांची भाषा येत नसलेले फॅरडे मधल्या मोकळ्या जागेकडे पाहत राहिले. चुंबकावर कागद धरून लोखंडाचा कीस टाकला की ज्या वाकड्या रेषा उमटतात, त्या त्यांना नुसते चित्र वाटल्या नाहीत. ती जागा रिकामी नाही, तिच्यात बल भरून आहे, असे त्यांचे मन सांगे. विद्वानांनी याला फारसा मान दिला नाही. गणित नसलेल्या माणसाची ही चित्रे कोण मनावर घेणार? पण १८३१ मध्येच जन्मलेला जेम्स क्लार्क मॅक्सवेल हा तरुण पुढे आला. त्याने आधी फॅरडे यांचे लेखन वाचून काढले आणि १८५५-५६ मध्ये त्या बलरेषांना गणिताचे रूप दिले. त्याचा निबंध मिळाल्यावर फॅरडे हरखून गेले. पुढे त्यांनी मॅक्सवेलला पत्रातून एवढेच सुचवले की गणितज्ञांनी आपले निष्कर्ष साध्या भाषेतही सांगावेत, म्हणजे आमच्यासारख्यांना त्यांवर प्रयोग करता येतील. पासष्टी उलटलेल्या, जगन्मान्य शास्त्रज्ञाने एका पंचविशीतल्या तरुणाला हे लिहावे! आपल्याला काय येत नाही हे सांगण्याची त्यांना कधी लाज वाटली नाही.

उत्तरायुष्य सोपे गेले नाही. १८४० च्या सुमारास प्रकृतीने दगा दिला. डोके जड होई, स्मरणशक्ती क्षीण होत चालली. काम थांबवून स्वित्झर्लंडला विश्रांतीसाठी जावे लागले. मग वहीच त्यांची स्मृती झाली. प्रत्येक प्रयोगाची नोंद क्रमांक घालून करण्याची सवय त्यांना होतीच. त्या नोंदी सोळा हजारांच्या पुढे गेल्या. १८४५ मध्ये ते पुन्हा प्रयोगाला उभे राहिले. प्रकाशावर चुंबकाचा परिणाम होतो, हे त्यांनी त्या वर्षी दाखवले आणि त्यासाठी वापरली ती पूर्वीच्या फसलेल्या खटाटोपातली जड काच! जी वर्षे वाया गेली असे वाटत होते, तीही कुठेतरी साठून राहिली होती.

मान चालून आले, त्यांतले पुष्कळ त्यांनी परत पाठवले. सर ही पदवी घेतली नाही. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद दोनदा नाकारले. धर्माने ते सँडमेनियन या लहानशा ख्रिस्ती पंथाचे होते आणि संपत्तीची हाव त्या पंथाला वर्ज्य होती. कारखानदारांची कामे करून श्रीमंत होणे त्यांना सहज शक्य होते, पण संशोधनासाठी ती कामे त्यांनी सोडून दिली. मुले मात्र त्यांना फार प्रिय. स्वतःला मूलबाळ नव्हते, पण नाताळात मुलांसाठी त्यांनी एकोणीस व्याख्यानमाला दिल्या. मेणबत्तीवरची त्यांतली व्याख्याने पुस्तकरूपाने आजही वाचली जातात. दीपगृहांचे सल्लागार या नात्याने १८५८ मध्ये साउथ फोरलंडच्या दीपगृहात फिरत्या चुंबकांच्या यंत्रापासून मिळालेल्या विजेचा दिवा लागलेला त्यांनी पाहिला. सत्तावीस वर्षांपूर्वीचा सूचीचा तो झटका आता समुद्रातल्या जहाजांना वाट दाखवीत होता. त्याच वर्षी व्हिक्टोरिया राणीने त्यांना हॅम्पटन कोर्ट येथे राहायला घर दिले. तिथेच २५ ऑगस्ट १८६७ रोजी आपल्या खुर्चीत बसलेले असताना त्यांनी शांतपणे देह ठेवला. हायगेटच्या दफनभूमीत त्यांची साधी समाधी आहे.

भावाला मी सगळे सांगितले. त्याच्या खेळातला ठोकळा न बदलणारी वीज घेतो आणि तरीही काम करतो. खऱ्या जगात तसे केले तर पलीकडची सूची एकदा डोलून गप्प बसेल, हेही सांगितले. खेळ करणाऱ्यांची ही चूक सापडल्याचा त्याला कोण आनंद! मग त्याने विचारले की हे सगळे शोधणाऱ्याला गणितात गुण किती पडत असत. मी त्याला खरे तेच सांगितले. त्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने एक जुना नट, माझ्या शिवणाच्या डब्यातला दोरा आणि जुन्या पंख्यातून काढलेली तांब्याची तार घेऊन बसकण मारली. सूची म्हणून माझ्या कंपासपेटीतले होकायंत्र गेले आहे, ते अजून परत आलेले नाही.

मीही आता कोपऱ्यावरच्या डी.पी.खालून जाताना वर पाहते. आत तारेची दोन वेटोळी आहेत, एकमेकांना न टेकणारी. मधून लोखंडाचा गाभा जातो आणि त्या मधल्या जागेतून माझ्या टेबलावरचा दिवा लागतो. एका लोहाराच्या मुलाने तिच्याकडे पाहायला शिकवले, त्याला माझे अभिवादन.